तिसरा चमचा

१८ जानेवारी

मुंगे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, ती आधी पूस. काही मागायला लिहीत नाही. संत्री चांगली आली आहेत, घर सालींनी भरलं आहे, आणि तू गेल्यापासून मला बोलायला माणूस नाही, म्हणून लिहिते. तुझे बाबा आहेत म्हणा. पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे भट्टीशी बोलणं. ऊब मिळते, उत्तर मिळत नाही.

परवा एक गंमत झाली. तुझ्या बाबांनी पावाच्या वेण्या जाळल्या. मी वर कपडे वाळत घालत होते तर जळका वास जिन्यावरून वर आला. धावत खाली गेले. हे भट्टीला पाठ करून बरण्या पुसत उभे, अगदी निवांत, आणि मागे दाराच्या फटीतून धूर. मी म्हटलं, "अहो, जळतंय." तर वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच कुठे काडी लावून आलेय. आतली सगळी गोड वेण्यांची रांग कोळसा झाली होती. "लक्ष नव्हतं," एवढंच म्हणाले. समोरच्या शिंपीणबाई नेमक्या तेव्हाच दारात. म्हणाल्या, "काळ्या वेण्या बघून बरं वाटलं, आमच्या तर सगळ्या पांढऱ्या झाल्या." मी हसले. हे हसले नाहीत. नोव्हेंबरात त्यांना ताप येऊन गेला, त्याचा अशक्तपणा अजून आहे. बाकी काही नाही.

तुझा लाकडी चमचा अजून खिडकीवरच्या तिसऱ्या खिळ्यावर आहे. मी काढला नाही, त्यांनीही नाही. लहानपणी तू येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या घरचा नियम शिकवायचीस ते आठवतं का? परकराला हात पुसत सांगायचीस, "तिघांनी चाखायचं, तिघांनी 'भरा' म्हणायचं, मगच जॅम बरणीत भरायचा. एकाने जरी थुंकलं तरी पातेलं परत चुलीवर." जीभ तुझीच सगळ्यांत तिखट. मी आणि बाबा 'भरा' म्हणून मोकळे व्हायचो आणि तू एवढीशी स्टुलावर चढून म्हणायचीस, "लिंबू कमी आहे." आणि असायचंही कमी. तू गेल्यावर तिघांचे आम्ही दोघे झालो, पण नियम चालू आहे.

माझं ठीक आहे. थोडी बारीक झाले आहे, त्याचं शिंपीणबाईंना कोण कौतुक. माझे ब्लाउज आत घेऊन दिले. पाणी फार लागतं, पण भट्टीजवळ राहणाऱ्याला ते लागायचंच.

पेर-नाशपातीच्या हंगामात आठ दिवस ये. कारण विचारू नकोस. पेर तुझं फळ, एवढं कारण पुरे.

तुझी आई


९ फेब्रुवारी

मुंगे,

उत्तर नाही. टपालवाला आता मला लांबूनच बघतो आणि लांबूनच मान हलवतो, बिचाऱ्याला जवळ येऊन नाही म्हणायची लाज वाटते.

मागच्या पत्रात तुला खोटं लिहिलं नाही, पण अर्धं लिहिलं. ताप गेला, आणि जाताना तुझ्या बाबांची चव घेऊन गेला. वासही. वेण्या जळत होत्या आणि त्यांना कळलं नाही, त्याचं कारण लक्ष नव्हतं हे नाही. त्यांना वास येतच नाही.

त्यांना स्वतःला कळलं ते संत्र्याच्या पहिल्या पातेल्यावर. चमचा तोंडात घेतला आणि तसेच उभे राहिले. मला म्हणाले, "साखर घातली नाहीस?" मी घातली होती. मग त्यांनी चिमूटभर मीठ जिभेवर टाकलं. मग पाटावरचं अर्धं लिंबू उचललं आणि सालीसकट चावलं. लिंबू चावतायत, रस हनुवटीवरून ओघळतोय आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मला ते बघवेना, मी रडायला लागले, तर मलाच म्हणाले, "तुला काय झालं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परत येईल, कदाचित नाहीही येणार, औषध नाही.

मला शपथ घातली आहे की कुणाला सांगायचं नाही. "तिला तर नाहीच." ती म्हणजे तू. शपथ मोडून लिहिते आहे.

तू उगाच मनाला लावून घेशील म्हणून आधीच सांगते. तू त्या जॅमच्या कारखान्यात चाखण्याची नोकरी धरलीस त्या दिवशी ते बोलले, "पगारावर विकलेली जीभ माझ्या पातेल्याला लागायची नाही." आणि तूही बापाचीच मुलगी. म्हणालीस, "मग तुमच्या पातेल्याला दुसरी जीभ शोधा." उचलली जीभ लावली टाळ्याला, दोघांनीही. आता जे झालं ती बोलाफुलाला पडलेली गाठ. तुझा शाप वगैरे मी मानत नाही. तेही मानत नसावेत. पण त्या दिवसापासून ते तुझं नाव काढत नाहीत आणि तुझा चमचा मात्र दर शनिवारी पुसतात.

तर आता घरात चालू चमचा एकच, माझा. मापाने कर म्हणशील, तर ते तुलाच ठाऊक आहे. एका टोपलीतलं संत्रं दुसऱ्या टोपलीतल्याला ओळख देत नाही. साली किती पाण्यांतून उकळून काढायच्या, पाणी कधी फेकायचं थांबवायचं, कडूपणा केवढा ठेवायचा, हे तराजू कसं सांगणार? म्हणून प्रत्येक पाण्यानंतर मी चाखते, पाक झाल्यावर चाखते, लिंबू पिळल्यावर चाखते, आणि वेणीच्या पिठाचा गोळा आहेच. मी चमचा तोंडात घालते तेव्हा ते माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात. लग्न झाल्यापासून इतकं निरखून त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. मी 'भरा' म्हटलं की त्यांचे खांदे खाली येतात आणि मग ते बरणी उचलतात.

आता तरी ये. आठ दिवस नको, चार ये. मला एकटीला हे पेलत नाही.

आई


४ एप्रिल

मुंगे,

साखर मोजायच्या नळीचं तुझं पार्सल मिळालं. आत पत्र असेल म्हणून मी कागदाची घडी न् घडी उलगडली, तर ती वापरायची छापील सूचना निघाली. तळाशी तुझ्या अक्षरात एक ओळ. "आई, ह्याने जमेल. मला सुट्टी नाही." ओळ का होईना, आली. मी ती कापून साखरेच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

नळीची मोठी मिरवणूक निघाली. काचेवर थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरायचं, डोळा लावायचा आणि आतल्या आकड्यांवरून साखर वाचायची. तुझ्या बाबांना मी सांगितलं, दुकानदाराने नमुना म्हणून दिली. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं असणार. खिडकीशी उभे राहून पुष्कळ वेळ त्यांनी डोळा लावला. मग म्हणाले, "साखर दिसते. आंबट कुठे दिसतं? कडू कुठे दिसतं?" आणि नळी खणात टाकली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुसऱ्या दिवशी खण उघडा दिसला म्हणून डोकावले, तर नळी मऊ फडक्यात गुंडाळून नीट ठेवलेली. ते फडकं त्यांनी स्वतःच्या जुन्या सदऱ्याचं फाडलं होतं.

मीही करून बघितलं. मला ती रेघ दिसत नाही. आकडेही दिसत नाहीत, सगळं ओल्या काचेतून बघितल्यासारखं. नळी खराब निघाली बहुतेक, परत पाठवू का? ते म्हणतात नळी चांगली आहे, तू चष्मा बदल. बघते.

माझ्या पायाचं काही मनावर घेऊ नकोस, शिंपीणबाई तुला कळवतील म्हणून मीच लिहिते. उकळून ठेवलेली बरणी फुटली आणि एक काच करंगळीशेजारच्या बोटात गेली. मजा अशी की गेली तेव्हा कळलंच नाही. फरशीवर लाल पावलं दिसली तेव्हा मी ह्यांना विचारलं, "रस सांडला का हो?" तर तो रस नव्हता. अजून भरून यायची आहे जखम. उभ्याचं काम, दुसरं काय. डॉक्टरीणबाई रागावल्या, पण त्या वेगळ्याच गोष्टीवरून रागावल्या. ते तू आलीस की सांगेन.

सुट्टी मागितलीस का, की न मागताच नाही म्हणालीस?

आई


२० जून

मुंगे,

तुझं पत्र आलं. पहिलं खरं पत्र, आणि त्यात चार ओळी. तू लिहितेस, "बाबांनी स्वतः लिहिलं तर येईन. तुझ्याआडून नको." तुझं चुकलं असं मला म्हणवत नाही. मी तुझ्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, कदाचित वर आणखी चार टोमणे घातले असते.

मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शपथ मोडली हे त्यात उघड झालंच, पण ते रागावले नाहीत. पीठ मळत होते, मळत राहिले. मग म्हणाले, "तिला कामं असतील." मी कागद आणि पेन आणून त्यांच्यासमोर पाटावर ठेवलं आणि म्हटलं, एक शब्द लिहा, 'ये' लिहा, त्याला दोनसुद्धा अक्षरं लागत नाहीत. ते बसले. पेन हातात घेतलं, कागद सरळ केला, पुन्हा सरळ केला. मी मुद्दाम वर निघून गेले. खाली आले तेव्हा ते भट्टीशी होते आणि कागद कोरा होता. तो कागद ह्याच पाकिटात घालते. त्यावर पिठाच्या बोटांचे ठसे आहेत. तेवढंच त्यांचं पत्र समज, आणि जमलं तर त्यावरच ये.

आता माझं सांगते, नीट बसून वाच. मला मधुमेह आहे. तू गेलीस त्याच्या पुढच्याच महिन्यात कळलं. गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवल्या आहेत, हे दुकानात असले की घेते, समोर असले की राहून जातात. नळी चांगली होती. माझे डोळे गेले आहेत, पूर्ण नाही, पण रेघा जातात. हे पत्र लिहिताना ओळी खाली घसरत असतील, तू सरळ समजून वाच.

तू विचारशील, सांगत का नाहीस. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं आहे. सांगितलं तर ते त्या मिनिटाला माझा चमचा खिळ्यावर अडकवतील आणि भट्टी विझवतील. आणि ह्या माणसाला भट्टीशिवाय काही येत नाही, मुंगे. धड बोलतासुद्धा येत नाही. आधीच त्याचं निम्मं गेलं आहे. उरलेलं मी माझ्या हाताने काढून घेऊ?

थुंकायचं करून बघितलं. ते शक्य नाही. आपल्या घरात थुंकलं म्हणजे पातेलं नापास, ते लगेच पातेलं परत उकळायला ठेवतात आणि विचारत बसतात, "काय कमी आहे, आंबट की गोड?" सध्या प्लमचे दिवस आहेत. सकाळपासून चमचे गिळते आहे आणि गिळताना हसरा चेहरा ठेवते आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा, फक्त बुक्क्या गोड आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका चमच्याने कुणी मरत नाही हो. पण तुमचा एक चमचा कुठे असतो? आणि गोळ्या नाहीत, पाय वर नाही, विश्रांती नाही." मी म्हटलं, पेर येईपर्यंत थांबा, माझी मुलगी येणार आहे, मग तिची जीभ आणि माझी सुट्टी.

तुझ्या नावावर मी हे उधार बोलून ठेवलं आहे. रागावू नकोस.

आई


११ ऑगस्ट

मुंगे,

सगळं उघडं पडलं. तुला कळवायचं म्हणून कळवते.

मागच्या पत्रानंतर मी चाखणं सोडून दिलं. त्यांच्यादेखत चमचा ओठांपर्यंत न्यायचा, ओठ मिटून घ्यायचे, घसा हलवायचा आणि 'भरा' म्हणायचं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं मी तोंड मिटून जॅम खात होते. भीतीने केलं. मला पेरपर्यंत टिकायचं होतं आणि पाय काळा पडायला लागला होता. नाक माझं शाबूत आहे, वासावर पुष्कळ कळतं, म्हणून काही दिवस निभावलं. पण मिठाला वास नसतो.

त्यांनी वेणीच्या पिठात मीठ दोनदा घातलं. पूर्वी पिठाचा कण जिभेवर ठेवला की कळायचं. आता घातलं की नाही हे आठवणीवर, आणि तापापासून आठवणही कच्ची झाली आहे. मी गोळा दातांआड धरल्यासारखं केलं आणि 'भरा' म्हटलं. प्लम भरून, वळून, दूध फासून वेण्या भट्टीतून निघाल्या त्या दिसायला इतक्या देखण्या की मला दृष्ट काढावीशी वाटली.

दुपारी शिंपीणबाई वेणी घेऊन परत आल्या. दारात उभ्या राहिल्या. हे म्हणाले, "काय झालं?" तर त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात घातला, आणि मग रुमालात थुंकला. आपल्या दुकानात, त्यांच्या डोळ्यांदेखत. "माफ करा," म्हणाल्या, "दोनदा मनाला समजावलं, पण पोरांनी पण टाकून दिली."

त्या गेल्यावर तुझ्या बाबांनी माझा चमचा खिळ्यावरून काढला, उरलेल्या प्लममध्ये बुडवला आणि माझ्यापुढे धरला. "चाख."

मी म्हटलं, "मला नाही चालत."

"काय नाही चालत?"

मग मी सांगितलं. मधुमेह, गोळ्या, डोळे, पाय, सगळं. उभ्या उभ्या सांगितलं, कारण बसले असते तर सांगू शकले नसते. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, मुंगी गेली तेव्हापासून. चमच्यातला थेंब फरशीवर पडला, तो त्यांनी वाकून पुसला. मग भट्टीकडे गेले आणि ती विझवली. अॅप्रन काढला, घडी घातली, स्टुलावर ठेवला. त्या दिवशी मला वाटलं, ओरडले असते तर बरं.

आता ते रोज सकाळी माझा पाय धुतात आणि पट्टी बांधतात. चार पदरी वेणी वळणारे हात, पट्टीसुद्धा तशीच वळतात, एकावर एक, अगदी सारखी. जखमेला वास येतो. मला येतो, शिंपीणबाईंना येतो, त्या हल्ली दारातूनच बोलतात. ह्यांना येत नाही. ते पाय मांडीवर घेऊन बसतात, चेहरा तसाच, लिंबू चावताना होता तसा. एवढं एक बरं झालं म्हणायचं.

दिवसभर करायला काही नाही म्हणून ते रिकाम्या बरण्या घासतात. घासून ठेवतात, परत काढतात, परत घासतात. मी पडल्या पडल्या काचेचा आवाज ऐकते. मी ज्याला भीत होते ते सगळं झालं, आणि ते टाळण्यासाठी जे केलं त्याचंही फळ वेगळं मिळालंच. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा माझा कारभार.

आई


२ सप्टेंबर

मुंगे,

अक्षर मोठं आलं असेल. मला माझंच दिसावं म्हणून मोठं काढते आहे.

पाय काढायचा म्हणतात. आधी बोटं म्हणाले, मग घोटा, आता गुडघ्याखाली. डॉक्टरीणबाई बोलताना माझ्याकडे बघत नाहीत, ह्यांच्याकडे बघतात, आणि हे भिंतीकडे. हृदयही दमलं आहे म्हणे, त्यामुळे काढला तरी पुढचं सांगता येत नाही. मला भीती वाटते. पाय जाण्याची नाही. आपण गेल्यावर हा माणूस ह्या घरात कुणाशी न बोलता किती वर्षं जगेल, त्याची वाटते.

पेर आले. कुणी मागवले नव्हते. दरवर्षी ज्या माणसाकडून घेतो त्याने नेहमीसारखी टोपली दारात ठेवली आणि निघून गेला, भट्टी थंड आहे हे त्याला काय माहीत. मी ती खाटेजवळ ठेवून घेतली. पिकताहेत, खोली भरून वास येतो. मी ह्यांना सांगते, आज वरचे दोन तयार झाले, आज आणखी एक. ते टोपलीत नाक घालून मोठा श्वास घेतात आणि माझ्याकडे बघून मान डोलावतात. त्यांना काही आलेलं नसतं. मलाही माहीत असतं. पण आम्ही दोघं आता अशीच बोलतो.

मी त्यांना म्हटलं, माझ्यासाठी एक पातेलं करा. शेवटचं म्हटलं नाही, एक म्हटलं. ते म्हणाले, "चाखणार कोण?" मी म्हटलं, आधी करा तर.

तुला आता ये म्हणत नाही. म्हणून म्हणून माझंच तोंड दुखलं. तू सूचना पाठवलीस, नळी पाठवलीस, तुझ्या परीने केलंस. ते लिहिणार नाहीत आणि तू येणार नाहीस, दोघं एका पिठाचे. मला फक्त इतकंच वाईट वाटतं की तुम्ही दोघं एकमेकांची वाट बघता हे जगात एकट्या मला माहीत आहे, आणि माझ्यानंतर कुणालाच माहीत नसेल. म्हणून इथे लिहून ठेवते. ते तुझी वाट बघतात. दर शनिवारी तो चमचा पुसणं म्हणजे दुसरं काही नाही.

थंडी पडली की गळ्याला मफलर गुंडाळत जा. तुझा घसा धरतो, आणि घसा धरला की तुझी चव जाते.

आई


१७ ऑक्टोबर

मुंगी,

मी पत्र कधी लिहिलेलं नाही, कसं सुरू करतात मला माहीत नाही.

तुझी आई गेली. डॉक्टरीणबाईंनी तुझ्या कारखान्यात फोन केला होता. तिथल्या माणसाने निरोप देतो म्हटलं. दिला असेल किंवा नसेल. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. मग लोक म्हणाले आता थांबण्यात अर्थ नाही. मी रागावलेलो नाही, हे लिहायला सांगणारं आता घरात कुणी नाही म्हणून स्वतःच लिहितो.

पाय काढायला नेणार त्याच्या आदल्या सकाळी मी पेर केले. तिने एक पातेलं मागितलं होतं. साखर तू पाठवलेल्या नळीने बघितली. नळी चांगली आहे. लिंबू किती ते कळेना. अंदाजाने घातलं. थंड बशीवर थेंब टाकला, बोटाने ढकलला, सुरकुती आली. पुढचं मला करता येण्यासारखं नव्हतं.

तिचा चमचा घेऊन वर गेलो. तू चाखू नकोस असं मी तिला म्हटलं होतं. तिने हात पुढे केला. तोंडात घेतलं आणि गिळलं, मी घशाकडे नीट बघत होतो. डोळे मिटून पडली. मी विचारलं, "भरू?"

ती 'भरा' म्हणाली नाही. म्हणाली, "मुंगीला विचारा."

दुसऱ्या दिवशी ती पाय काढायला इस्पितळात गेली आणि परत आली नाही. म्हणून विचारतो.

सोबत चाखण्यापुरती एक छोटी बरणी आहे आणि तिसऱ्या खिळ्यावरचा तुझा चमचा. चमचा स्वच्छ आहे. तू लिहिलं होतंस, बाबांनी स्वतः लिहिलं तर येईन. हे मी स्वतः लिहिलं आहे. उशीर झाला ते मला कळतं. बैल गेल्यावर झोपा करणाऱ्यांतला मी. यायला जमणार नसेल तर येऊ नकोस. फक्त चाखून सांग.

बाकीच्या बरण्या उकळून फडक्यावर उपड्या घातल्या आहेत. पातेलं चुलीवर झाकून ठेवलं आहे. तू सांगितल्याशिवाय भरणार नाही. काल झाकण काढलं तर कडेला पांढरी बुरशी दिसली. वास मला येत नाही. चमच्याने ती बाजूला केली आणि परत झाकलं.

आवडलं नाही तर थुंक. थुंकलंस तरी कळव.

बाबा